सीमा राज्यांची, नावे माणसांची

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सरहद्दीवरील ‘ऑफाचा बांध’ म्हणजे दोन समाजांना कायमचे तोडणारा तट, अशी समजूत पर्यटकांत रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाही. मर्सियाचा राजा ऑफा (इ.स. ७५७ ते ७९६) याने तो घातला, असे परंपरा मानते. त्याचा खंदक वेल्सच्या बाजूस आहे, यावरून राजसत्तेचा हेतू उघड होतो. पण राजाचा हेतू आणि प्रजेचे जीवन या भिन्न गोष्टी होत, याचा पुरावा त्याच भूमीत आहे.

आजच्या सीमेच्या पूर्वेस, इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, ट्रेवोनेन, लानीब्लॉडवेल, लानव्हेअर वॉटरडाइन ही वेल्श नावे टिकून आहेत. उलट वेल्समधील नाइटन हे नाव इंग्रजी; त्याच गावाच्या वेल्श नावाचा अर्थ ‘बांधावरचे गाव’. गाव वेल्समध्ये आणि त्याचे रेल्वे स्थानक इंग्लंडमध्ये! लानमिनेख गावाचे तर सीमारेषेने सरळ दोन भाग केले आहेत. तट म्हणावे, तर त्याच्या दोन्ही अंगांना दोन्ही भाषा कशा नांदल्या?

रेषा ओढली ती कायद्याने. आठव्या हेन्रीच्या १५३६ च्या कायद्याने सरहद्दीवरील सरदारांच्या जहागिरी मोडल्या आणि ऑस्वेस्ट्रीचा मुलूख श्रॉपशायरला जोडला. इंग्रजी न वापरणाऱ्या वेल्श भाषकांस अधिकारपदाचे दरवाजेही त्याच कायद्याने बंद केले. तो कायदा पूर्णपणे रद्द होण्यास १९९३ साल उजाडावे लागले. मॉन्मथशायर इंग्लंडचा की वेल्सचा, हा घोळही १९७२ च्या कायद्याने, म्हणजे अंमलबजावणीच्या दृष्टीने १९७४ मध्ये, संपला. ज्या रेषेविषयी राज्यकर्त्यांचेच चार शतके एकमत होत नव्हते, तिला आपण संस्कृतीची मर्यादा का मानावी?

आपल्यांतील एक पक्ष म्हणतो, ‘१९५६ साली राज्ये ठरली, आता जुने उगाळू नका.’ दुसरा म्हणतो, ‘सीमा बदलेपर्यंत काही करणे व्यर्थ.’ वरवर पाहता हे पक्ष परस्परविरोधी. परंतु दोघेही वारशाचा सारा भार रेषेवरच टाकतात आणि स्वतः मोकळे होतात. सीमाप्रश्न न्यायाचा आहे व तो लढला पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. मात्र त्याच्या निकालाची वाट पाहत वारसा थांबत नाही.

नाइटनच्या लोकांनी वाट पाहिली नाही. १९६९ मध्ये फ्रँक नोबल यांच्या पुढाकाराने तेथे बांधाच्या अभ्यासासाठी व जतनासाठी संस्था उभी राहिली; १९७१ मध्ये सुमारे २८५ किलोमीटरची पायवाट खुली झाली. ती सीमा वीसहून अधिक वेळा ओलांडते. केवळ सरकारी संरक्षण पुरत नाही, हेही तेथेच दिसले: संरक्षित असूनही २०१३ साली चर्कजवळ बांधाचा सुमारे ४५ मीटरचा भाग सपाट करण्यात आला. राखणारी नजर शेवटी शेजाऱ्याचीच लागते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, प्रत्येक केंद्राने आपल्या परिसरातील पेठा, वाडे, बारवा, घाट, शेतांची व पाणंदींची नावे आणि मराठी शिलालेख यांची नोंदवही करावी. तीत शेजारच्या कानडी, हिंदी वा गुजराती नावांसही मानाने स्थान द्यावे. कारण तीही त्याच मातीची आहेत. नोंद नसलेली वस्तू कागदोपत्री अस्तित्वातच नसते, हे सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्यांस सांगावे लागत नाही. अधिवेशनांतील ठरावांस टाळ्या मिळतात, पण ठरावाने एकही नाव वाचत नाही. ती नावे ज्यांच्या तोंडी आहेत, ते वृद्ध आज आपल्याच घरांत बसले आहेत. त्यांना विचारण्यास कोणत्याही राज्याची परवानगी लागत नाही.