खाणपट्टा आणि देवराई
दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या ज्या दलदलीला, जेमतेम अडीच हेक्टरांच्या त्या देवराईला, सरकारने २०२१ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला, तिच्यातील चिखलातून श्वासासाठी गुडघ्यांसारखी वर आलेली मुळे पाहिली म्हणजे, लोहखनिजासाठी पोखरल्या जाणाऱ्या या मुलखात भूगर्भातील एखादा झरा तुटला तर कोणता अनर्थ ओढवेल, हे निराळे सांगावे लागत नाही. दप्तरी खाणपट्ट्याची हद्द दगडांनी कायम होते. झऱ्याला ती कोण समजावणार! मागाहून टाकाऊ मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावणे हा निव्वळ कागदी उपचार होय. परवान्यापूर्वी निदान एक पावसाळाभर सड्यावरची फुले आणि ओढ्यातले बेडूक मोजावेत, आणि वरची सुपीक माती निराळी राखून तीच परत पसरण्याची अट करारातच घालावी.