ती ‘रोमिओ-ज्युलिएट’ नव्हती!

बोश्को बोस्नियन सर्ब, अ‍ॅडमिरा मुस्लिम. दोघंही पंचविशीच्या आसपासची. मे १९९३ मध्ये वेढा पडलेल्या सारायेव्होतून निसटताना पुलापाशी गोळ्या लागून दोघं गेली. मृतदेह कित्येक दिवस तिथेच पडून होते. जगाने लगेच लेबल लावलं, ‘सारायेव्होचे रोमिओ-ज्युलिएट’.

मला हे खटकतं. तिथे घराण्यांचं वैर होतं. इथे अ‍ॅडमिराच्या आईवडिलांनी बोश्कोला आपलं मानलं होतं. शाळेच्या वयापासूनची साधी जोडी ही. तिला ‘आंतरधर्मीय’ केलं ते युद्धानं. आणि गोळ्या कुणी झाडल्या? दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या.

त्यामुळे नुसतं ‘सो सॅड’ म्हणून पुढे स्क्रोल करू नका. कट्ट्यावर एखाद्या जोडीची आधी आडनावं विचारतो ना आपण? सुरुवात तिथूनच होते.