रंगावर हक्क सर्वांचा

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क हे थंड मुलुख. डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तास उजेड. असेल तेवढा उजेड घरात खेळावा म्हणून तिथे भिंती पांढऱ्या ठेवण्याची रीत. अलीकडे मात्र नुसत्या पांढऱ्या-करड्याचा लोकांना कंटाळा आला. मातकट तांबडा, लोण्यासारखा पिवळा, शेवाळी हिरवा असे ऊबदार रंग आणि पट्टे, चौकडी, फुलांची नक्षी पुन्हा घरात आली आहे.

या फुलांमागे एक कथा आहे. योझेफ फ्रांक हे व्हिएन्नाचे ज्यू वास्तुकार. ज्यूद्वेष वाढला तेव्हा, १९३३ साली, ते स्वीडनला गेले. घरादाराला मुकलेल्या त्या माणसाने पडद्यांच्या कापडासाठी फुले, पाखरे, झाडे रेखाटली. ती आजही छापली जातात.

त्याआधी १८९९ साली एलेन की या स्वीडिश लेखिकेने बजावले होते, की सुंदर घर ही श्रीमंतांची मिरास नव्हे. साध्या, उपयोगी वस्तूंनी कामगाराचे घरही सुंदर होते.

आम्हाला हे मनोमन पटते. खोली दहा बाय दहाची असो, उजळ भिंत आणि स्वच्छ धुतलेला फुलांचा पडदा यांवर आपलाही तेवढाच हक्क आहे.