कोल्हापूरला नदी आहे, धावणारे आहेत. मग नदीकाठी धावायला वाट का नाही?

रंकाळ्याला एक फेरी मारली की साधारण चार-साडेचार किलोमीटर होतात. फिरायला येणाऱ्यांसाठी हे भरपूर झालं. पण हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला २१ किलोमीटर पूर्ण करायचे तर त्याच तलावाला पाच फेऱ्या माराव्या लागतात. त्यातही दिवस वर आला की फिरणारे, गाड्या, टपऱ्या आणि भटकी कुत्री यांच्यातून वाट काढत.

म्हणून कोल्हापुरातले धावणारे पर्याय शोधतात. कुणी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जातं, कुणी कळंबा तलावाकडे, तर चढाचा सराव हवा असलेले थेट पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतात. या यादीत एक नाव मात्र दिसत नाही: पंचगंगा. जी नदी शहराला पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून वळसा घालून जाते, तिच्या काठाने सलग धावता येईल अशी एकही वाट नाही.

नदीकाठी जॉगिंग ट्रॅक हवा ही मागणी वरवर हौसेची वाटते. पण तिच्या तळाशी पूर, बांधकामं, उसाची शेती आणि शहराची हद्द असे चार मोठे प्रश्न आहेत. म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी.

आधी नदी समजून घेऊ

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती या पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला हा संगम आहे. तिथून नदी शिवाजी पूल, पंचगंगा घाट, कसबा बावडा असं करत पुढे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

वर राधानगरी, गगनबावड्यात सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि खाली जवळजवळ सपाट मैदान, अशी या खोऱ्याची रचना आहे. वरून पाणी वेगाने येतं, खाली आल्यावर मात्र त्याला पुढे सरकायला उतार मिळत नाही. त्यात कृष्णेलाही पूर असेल तर संगमाजवळ पंचगंगेचं पाणी तुंबतं. मग नदी आडवी पसरते आणि दोन्ही काठांची शेतं पाण्याखाली जातात.

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एक आकडा फिरत असतो. तो म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या महापुरात ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ मध्ये ती ५६ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली.

आकडे येण्याआधीही लोकांकडे मापं होतीच. शिवाजी पुलाला 'मच्छिंद्री' झाली की पूर मोठा, हा जुन्या जाणत्यांचा हिशेब. 'रेडेडोह फुटला' अशी बातमी आली की पन्हाळ्याकडचा रस्ता आता बंद होणार, हे सगळ्यांना कळतं. नदी कुठवर येते, हे या शहराला पक्कं ठाऊक आहे.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय?

पुराचा हा पसारा कागदावर दोन रेषांनी दाखवला जातो. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या रेषा जलसंपदा विभाग आखतो.

राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० च्या डिसेंबरमध्ये लागू झाली. तिच्यानुसार नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई आहे. अपवाद आहेत ते उद्यान, हिरवळ, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांचा भाजी बाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशा वापरांचे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करता येतं, पण ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावं लागतं.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. पाणी आलं तर फार बिघडणार नाही आणि ओसरलं की पुन्हा वापरता येईल, अशाच गोष्टींना निळ्या रेषेच्या आत मुभा आहे. झाडांखालून जाणारी मातीची पायवाट त्यात सहज बसते. इमारत बसत नाही, आणि पाण्याची वाट अडवणारा भरावही या नियमाच्या हेतूत बसत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? दर मोठ्या पुरानंतर पूररेषेतल्या भरावांच्या आणि बांधकामांच्या तक्रारी होतात, चर्चा होते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं शांत होतं. रिकामी जमीन 'पडीक' दिसते आणि पडीक जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतोच. तीच जमीन रोज सकाळी हजारभर लोक वापरत असतील, तर तिथे रात्रीतून पडलेला मुरमाचा ढीग सकाळी सहाच्या आत व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला असेल. म्हणजे वापरातली वाट पूरपट्ट्यावर लक्ष ठेवायचं कामही करू शकते.

मग रिव्हरफ्रंट करून टाकायचा का?

नदीकाठ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अहमदाबादचा साबरमती रिव्हरफ्रंट येतो. दोन्ही बाजूंना भिंती, वर रुंद काँक्रीट पदपथ, दिवे. चालायला, धावायला सोय झाली हे खरं. पण तिथे नदीला ठरावीक रुंदीत बांधून हा काठ मिळवला आहे.

पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावर याच मुद्द्यावरून वाद सुरू आहे. काठावर भर टाकली, नदीची रुंदी कमी झाली, तर पुराचं पाणी कुठे जाणार, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा सवाल आहे. २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा हा सवाल आणखी जोरात विचारला गेला.

पंचगंगेसाठी तर हा नमुना आणखी धोक्याचा आहे. तिला आडवं पसरायला जागा लागते. ती जागा शहराच्या बाजूने भिंत घालून काढून घेतली, तर पाणी समोरच्या आंबेवाडी-चिखलीसारख्या गावांमध्ये जास्त चढणार. या गावांना आधीच दर मोठ्या पुरात घरं सोडावी लागतात. शहराच्या धावपट्टीची किंमत त्यांनी मोजावी, हे बरोबर ठरणार नाही.

जगात दुसरा नमुनाही आहे. सिंगापूरमध्ये बिशान-आंग मो किओ पार्कमधून कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा जात होता. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली आणि २०१२ मध्ये पार्क पुन्हा खुला झाला. एरवी लोक पाण्याच्या कडेने चालतात, धावतात. पाऊस वाढला की सायरन आणि दिवे इशारा देतात, लोक वर येतात आणि पार्कचा तो भाग नदीचा होतो. जर्मनीत म्युनिक शहराने इसार नदीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या पट्ट्यात २००० ते २०११ दरम्यान असंच काम केलं. तिथे नदीला जास्त जागा दिल्यामुळे पुराचा धोका कमी झाला आणि लोकांना काठही मिळाला.

काठावर तर ऊस आहे. जमीन कुठून आणणार?

ही खरी अडचण आहे. पंचगंगेचा काठ बराचसा खासगी शेतीचा आहे आणि या काळ्या गाळाच्या जमिनीत ऊस उभा आहे. 'पार्क' हा शब्द ऐकताच शेतकऱ्याला पहिली भीती वाटणार ती भूसंपादनाची किंवा आरक्षणाची. ती चुकीची म्हणता येणार नाही.

पण इथे युरोपातली एक कल्पना उपयोगी पडते. पोलंडसारख्या देशात 'भूदृश्य उद्यान' हा संरक्षणाचा वेगळा प्रकार आहे. त्यात कुंपण घालून माणसांना बाहेर काढत नाहीत. आत गावं असतात, शेती चालू राहते. जपायचा असतो तो सगळा परिसर आणि त्यातून लोकांसाठी आखलेल्या वाटा असतात. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठाने जाणारी २९६ किलोमीटरची 'थेम्स पाथ' १९९६ मध्ये खुली झाली. तीही अनेक ठिकाणी शेतांच्या कडेने जाते आणि हिवाळ्यात पूर आला की तिचे काही भाग बंद होतात.

कोल्हापूरकडे अशा वाटेचा कच्चा माल आहे. त्याचं नाव पाणंद. शेतात बैलगाडी, ट्रॅक्टर नेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले हे रस्ते आहेत. ते मोकळे आणि पक्के करण्यासाठी २०२१ मध्ये राज्याने 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना' आणली. नदीच्या जवळच्या पाणंदी एकमेकींना जोडल्या, अतिक्रमणं काढली आणि दिशादर्शक फलक लावले, तर मोठं भूसंपादन न करता लांब पल्ल्याची वाट तयार होऊ शकते. शेतकऱ्यालाही बारमाही रस्ता मिळेल.

अर्थात काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. धावण्याचा मोसम आणि गाळप हंगाम एकाच वेळी येतात. नोव्हेंबरपासून पाणंदीवर उसाचे ट्रॅक्टर असणार आणि तिथे पहिला हक्क शेतकऱ्याचाच राहील. डोक्याच्या वर गेलेल्या उसातून एकट्या मुलीने पहाटे अंधारात धावावं, अशी अपेक्षाही कुणी करू शकत नाही. उजेड, ठरावीक अंतरावर बाहेर पडायला वाट आणि गस्त यांची सोय नसेल, तर ही वाट अर्ध्याच कोल्हापूरची होईल.

अडलंय कुठे?

पहिली अडचण हद्दीची. १९७२ मध्ये कोल्हापूर महापालिका झाली. शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर आहे आणि हद्दवाढीचा वाद कित्येक दशकं गाजतो आहे. नदीचा अलीकडचा काठ महापालिकेचा, पलीकडचा ग्रामपंचायतींचा. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. पूररेषा जलसंपदाची, पाणंदी महसूल खात्याच्या नकाशावर, प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळं. नदी एक आणि दारं पाच-सहा, अशी स्थिती आहे.

दुसरी अडचण वासाची. जयंती नाल्यासारख्या नाल्यांमधून सांडपाणी पंचगंगेत मिसळण्याचा प्रश्न जुना आहे आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. कसबा बावड्याला ७६ एमएलडी क्षमतेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तरी नाले ओसंडल्याच्या बातम्या येतच राहतात. जिथे नाक दाबून चालावं लागतं तिथे खोल श्वास घेऊन कोण धावणार?

सुरुवात कुठून होऊ शकते?

कोट्यवधींचा आराखडा लागेलच असं नाही. शिवाजी पूल ते राजाराम बंधारा हा शहराच्या बाजूचा पट्टा आधी पायी मोजता येईल. त्यातली सरकारी जमीन किती, पाणंदी किती, भराव कुठे, नाले कुठे मिळतात, याचा नकाशा सगळ्यांना पाहता येईल असा जाहीर करता येईल. वाट मातीची किंवा मुरमाची ठेवायची, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करायची नाही आणि तिच्यासाठी नदीची एक फूटही रुंदी घ्यायची नाही, एवढं आधी लिहून घेता येईल.

वाट कधी बंद ठेवायची याचा नियम तर तयारच आहे. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांकडे जाऊ लागली की फाटक बंद. पाणी ओसरून गाळ निघेपर्यंत कुणी आत जायचं नाही. तोवर धावणाऱ्यांनी रंकाळा गाठायचा. वर्षातले काही आठवडे नदीचे, बाकीचे माणसांचे.

२०१९ आणि २०२१ मध्ये दोन वर्षांच्या अंतराने ५५ फुटांच्या वरचे दोन पूर कोल्हापूरने पाहिले. तिसरा कधी येईल ते पावसाच्या हातात आहे. तो आला तेव्हा काठावर पायवाट असेल की आणखी एक भरावावरची इमारत, एवढंच शहराच्या हातात आहे.