फोटो काढलात, आता नोंदही द्या

थंडी सुरू झाली की शनिवार-रविवारी चार-पाच मित्र, दोन मोठ्या लेन्स आणि एक गाडी असं पथक महाड-पोलादपूरकडे निघतं. पहाटे सावित्रीचा काठ, मग गांधारी, दुपारी मच्छी थाळी, संध्याकाळी परत. खंड्या, टिटवी, बगळे, पाणकावळे मिळतात. नशीब असेल तर काठावर ऊन खात पडलेली मगरही मिळते. सोमवारी फोटो पडतात: 'कोकणातली सुंदर सकाळ'. जागा कुठली, तारीख कुठली, काही नाही.

या मंडळींवर माझा राग नाही. या, जरूर या. पण तुमच्या त्या कार्डात इथल्या नदीचं किती मोठं काम अडकून पडलंय, ते सांगायचंय.

पहिली गोष्ट. आपण सहज 'पाणथळ जागा' म्हणतो, पण कायदा तसं म्हणत नाही. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्याचे आणि सिंचनाचे बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळलेत. आता सांगा, महाड-पोलादपुरात मग उरलं काय? आपल्याकडचे पक्षी नदीतच असतात आणि भातखाचरातच असतात. नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी रामसर यादीत गेल्या, चांगलंच झालं. सावित्रीकाठच्या बगळ्याला मात्र असलं कुठलंच छत्र नाही.

दुसरी गोष्ट पुराची. जुलै 2021 मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. ज्यांची दुकानं, घरं चिखलाने भरली त्यांना 'पक्ष्यांसाठी गाळ राहू द्या' असं सांगायची हिंमत कुणी करू नये. गाळ काढलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

प्रश्न आहे तो कधी आणि कुठून काढायचा याचा.

गाळ निघतो उन्हाळ्यात, कारण तेव्हा पात्रात पाणी कमी असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत काठ भरलेला असतो. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. टिटवी तर उघड्यावरच, खड्यांमध्ये खड्यासारखीच दिसणारी अंडी घालते. आपले जुने शेतकरी ती अंडी उंचावर आहेत की पात्रात, यावरून पावसाचा अंदाज बांधायचे. म्हणजे अंडी कुठे आहेत हे गावाला माहीत असायचं. पोकलेनवर बसलेल्या माणसाला ती दिसत नाहीत, आणि त्याला कुणी सांगितलेलंही नसतं. दोष त्याचा नाही.

यावर उपाय अवघड नाही. जानेवारीत काठाची एक पाहणी करा. मगरी कुठे बसतात, अंडी कुठे असतात ते नकाशावर मांडा. काम बाकीच्या पट्ट्यात आधी सुरू करा, तेवढे तुकडे शेवटी घ्या. गाळ एक ब्रासही कमी काढायचा नाही, फक्त क्रम बदलायचा.

पण नकाशा कशावरून करणार? इथेच कॅमेरेवाले लागतात. तुमच्या प्रत्येक फोटोत तारीख आणि वेळ आपोआप नोंदलेली असते. जागा लिहिली की झाली नोंद. ईबर्डवर यादी टाका, मगरी-सापांसाठी आयनॅचरलिस्ट आहे. दोन्ही फुकट आहेत. चार हिवाळ्यांच्या अशा नोंदी एकत्र आल्या की वन विभागासमोर आणि तहसीलदारांसमोर ठेवायला काहीतरी हातात येतं. नुसत्या 'सुंदर सकाळ'वर कुणी कामाचं वेळापत्रक बदलत नाही.

आपल्याच जिल्ह्यात किहीमला सलीम अलींनी 1930 च्या सुमारास सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. तो आजही सांगितला जातो, कारण त्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं.

एक पथ्य मात्र पाळा. घरट्याची जागा जाहीर पोस्टमध्ये टाकू नका, ती वन विभागालाच कळवा. घरट्याच्या जवळ जाणं, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं बंद करा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. बंदूक नसली तरी ती शिकारच.

आणि महाडकरांनो, पोलादपूरकरांनो, हे काम फक्त पाहुण्यांवर सोडू नका. शाळा-कॉलेजातल्या पोरांकडे मोबाईल आहेत, नदी दाराशी आहे. पुढच्या वेळी गाळाच्या कामाची बैठक बसेल तेव्हा टेबलावर पूररेषेच्या नकाशाशेजारी काठावरच्या जीवांचाही एक नकाशा असला पाहिजे. तो मुंबईहून कुणी करून आणणार नाही.