आवणी आणि ॲडमिशन एकाच महिन्यात येतात



झोडणी उरकली, इंद्रायणी पोत्यात भरली, खाचरं मोकळी झाली. रानात सध्या काम कमी आहे, म्हणून आज पिकाचं न लिहिता पोरांच्या कॉलेजचं लिहितो. कुणी म्हणेल हा काय शेतीचा विषय आहे का? पण वेळापत्रक बघितलं तर शेतीचाच आहे.

बघा कसं होतं. दहावी-बारावीचा निकाल मे-जूनला लागतो. बारावीवाल्यांचा पुढं सीईटीचा निकाल, मग प्रवेशाच्या फेऱ्या. ह्या फेऱ्या जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत, कधी त्याच्याही पुढं चालतात. आणि आमच्या घाटघरला, नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधनच्या पायथ्याला नेमकी त्याच दिवसांत आवणी. पाऊस असा की बांधावरचा माणूस दिसत नाही. लाईट जाते, रेंज जाते. बाप खाचरात गुडघाभर चिखलात, फोन घरात फडताळावर, आणि ओटीपी येतो त्या फोनवर. यादीत नाव लागलं की कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. त्यात एक कागद कमी निघाला तर जुन्नरला जायचं, तिथं गर्दी, उद्या या म्हणतात. उद्या म्हणजे आवणीचा अजून एक दिवस गेला.

म्हणून माझं मत असं आहे की कॉलेजच्या कामात आईबापाच्या वाट्याचं जे आहे ते दिवाळी ते होळी ह्या काळात संपलं पाहिजे. पावसाळ्यात फक्त पोराचा फॉर्म राहिला पाहिजे. "पोरगं हुशार आहे, निकाल तर लागू दे, मग बघू," हे आपल्याकडचं नेहमीचं बोलणं. पण रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की लावायचं असतं. वय झालेलं रोप लावलं तर फुटवे कमी येतात, मग खताला दोष देऊन उपयोग नाही.

आईबापाच्या वाट्याची कामं तीन. कागद, पैसा आणि माहिती.

कागदाचं आधी सांगतो, कारण आपल्या पश्चिम पट्ट्यात, जुन्नरला काय नि आंबेगावला काय, पोरं इथंच अडकतात. आपण बहुतेक महादेव कोळी. जातीचा दाखला प्रांताकडून मिळतो, पण इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, कृषी अशा कोर्सला राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते पुण्याची पडताळणी समिती देते. त्याला वंशावळ लागते आणि ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा सगळ्यात जड धरला जातो. आजा-पणजाचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद. आता गंमत अशी की जुन्या रजिस्टरात मास्तरांनी कुठं नुसतं "हिंदू कोळी" लिहिलंय, कुठं "कोळी", कुठं "म. कोळी". त्या एका शब्दावर फाईल थांबते.

ही पडताळणी एवढी कडक का, तेही समजून घ्या. १९९४ साली सुप्रीम कोर्टाने कुमारी माधुरी पाटील खटल्याचा निकाल दिला. तो खटला महादेव कोळी दाखल्याचाच होता आणि मेडिकल कॉलेजच्या प्रवेशातूनच उभा राहिला होता. त्या निकालात कोर्टाने पडताळणीची पद्धत घालून दिली, आणि महाराष्ट्राचा २००० चा कायदा त्याच वाटेने आला. खोट्या दाखल्यांना आळा बसला हे चांगलंच झालं, कारण ती जागा आपल्याच पोरांची जात होती. पण खऱ्यालाही पुरावा द्यावाच लागतो. दुसरं एक कामाचं. २०२३ च्या मार्च महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रूढी-परंपरेची चाचणी ही एकच कसोटी धरता येणार नाही, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल तर तिला वजन आहे. म्हणजे चुलता, चुलतभाऊ, आत्या, कुणाकडे वैधता असेल तर त्याची प्रत आजच मागून ठेवा. भावकीत बांधावरून बोलणं बंद असेल तरी पोरासाठी जाऊन मागा.

अकरावी सायन्सला नाव घातलं की त्याच वर्षी कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज टाका. बारावीच्या निकालाची वाट बघू नका. खालच्या भागातल्या, ओतूर-नारायणगावकडच्या ओबीसी मित्रांनाही हेच. तुमची तारीख १३ ऑक्टोबर १९६७, आणि सोबत नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारला जोडलेलं बँक खातं हे सगळ्यांनाच. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही आत्ताच बघा.

आता पैसा. आदिवासी पोरांना सरकारी वसतिगृह आहे. तिथं जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, बारावीनंतरच्या शिक्षणाला. आपलं प्रकल्प कार्यालय घोडेगावला. पुण्यासारख्या शहराला वर्षाला ६० हजार रुपये ठरलेले आहेत. दहा महिने धरले तर महिन्याला सहा हजार. त्यात खोली, मेस, बस, वह्या-पुस्तकं कशी बसवायची ते पोराबरोबर बसून कागदावर लिहा. आणि हे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाहीत, हप्त्याने येतात. तोवर खोलीवाला थांबत नाही. २०१८ साली वसतिगृहातली पोरं मेसचे पैसे खात्यावर देण्याच्या विरोधात पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती, ते उगाच नव्हे. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांचे पैसे घरातून बाजूला ठेवा. हिरड्याचे येतील, भाताचे येतील, त्यातले तेवढे हलवू नका. सावकाराकडून घेऊन पाठवलेलं पोर पुण्यात गेल्यावर अभ्यासापेक्षा कामच आधी शोधतं.

तिसरं काम माहिती. आपल्याकडं पोर कॉलेज निवडतं ते एसटी कुठं जाते आणि दोस्त कुठं गेला ह्यावर. बीएस्सी कृषीला जायचं असेल तर अकरावी-बारावी सायन्सच लागतं. आर्ट्स घेऊन मग राहुरीच्या विद्यापीठाचं स्वप्न बघून चालत नाही. पण उलटंही खरं आहे. सायन्स झेपत नसताना लोकांना सांगायला बरं म्हणून घेऊ नका. दहावीवर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा होतो, त्यातून पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय आहे. बारावीनंतर जीएनएम नर्सिंग आहे. ह्या काही कमीपणाच्या वाटा नाहीत.

फॉर्म भरताना दोन गोष्टी. पहिल्या क्रमांकाला टाकलेलं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला नंबर गंमत म्हणून टाकू नका. आणि फॉर्म भरून देणाऱ्याचा मोबाईल नंबर फॉर्मला देऊ नका. नंबर घरचा, पासवर्ड वहीत लिहिलेला. ज्याच्या नंबरावर ओटीपी येतो, ॲडमिशन त्याच्या हातात राहतं.

आता निवड कुणी करायची? माझं स्पष्ट म्हणणं आहे, पोराने. आईबापाने रस्ता दाखवावा, खर्च सांगावा, खाचखळगे सांगावे आणि गप्प बसावं. शेती नको म्हणून शिक हे सांगू नका, आणि शेती कोण बघणार म्हणून अडवू पण नका. आपल्या दीड-दोन एकर खाचरावर दोन भावांचं पोट भरत नाही हे पोराला आपल्याआधी कळलेलं असतं. पोरीच्या बाबतीत तर जास्तच सांगतो. "लांब कशाला, जुन्नरलाच काहीतरी करू दे" असं म्हणताना आपण अंतर मोजत नाही, भीती मोजतो. तिच्याबरोबर एकदा त्या गावाला जा, वसतिगृह बघा, तिथल्या दोन मुलींशी तिला बोलू द्या. भीती निम्मी तिथंच उतरते.

शेवटी दोन मागण्या. एक गावाला. नांगरटीला इर्जिक घालतो तशी कागदाला घाला. पौषात एक दिवस ठरवा, ज्यांची पोरं दहावी ते बारावीत आहेत अशी पाच-सहा घरं एका गाडीने जुन्नरला जाऊ द्या, दाखल्यांचे अर्ज एकदम द्या. ज्याच्या घरी वैधता झाली आहे त्याने फाईल घेऊन सोबत यावं. एकट्याने पाच खेपा मारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

दुसरी मागणी कृषी सहायक, केव्हीकेचे तज्ज्ञ, ह्या पानावरचे सगळे कृषी पदवीधर ह्यांना. तुम्ही शेतीशाळेला येता, बियाणं-खताचं सांगता, ते आम्ही ऐकतो. पुढच्या खेपेला अर्धा तास जास्त थांबा आणि आमच्या दहावीच्या पोरांना तुमची स्वतःची वाट सांगा. कुठल्या शाळेत होता, कुठं नापास झालात, पैसे कुठून आले, कोणता कागद अडला. पुस्तिका देऊ नका, ती घरी चुलीजवळ जाते. तुम्हाला समोर बघून पोरांना कळेल की असा माणूस होता येतं.

ज्येष्ठात धूळवाफ पेरायच्या आधी फाईल तयार असेल, तर आषाढात बाप निवांत आवणी करेल आणि पोर निवांत फॉर्म भरेल. ज्याच्या घरात दहावी-अकरावीचं पोर आहे त्याला एवढं आजच वाचून दाखवा.