गाडीआधी प्लग बघा

आमच्या स्टाफरूममध्ये सध्या महागाई भत्त्याइतकीच चर्चा हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांची होते. मिरज-सांगली रोज ये-जा करणारे आम्ही बरेचजण. जेमतेम दहा किलोमीटरचा रस्ता. पण पावसाळ्यात स्कूटर नको वाटते, घरात अम्मींचे गुडघे दुखतात आणि पेट्रोल शंभरीपार गेलेले. काही वाचक भगिनींनीही हाच प्रश्न विचारला आहे: छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

कमी किमतीत डोळ्यांसमोर येतात त्या दोन. टाटाची टियागो ईव्ही २०२२च्या सप्टेंबरमध्ये ८.४९ लाखांपासून आली, एमजीची कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ लाखांपासून. पुढे किमती खाली-वर झाल्या, म्हणून आजचा भाव शोरूममध्येच विचारा. कॉमेट तीन मीटरपेक्षाही आखूड आहे. मिरजेत दर्ग्याभोवतीच्या गल्ल्यांतून ती सहज वळेल. पण तिला दारे दोनच, माणसे चारच, आणि मागच्या सीटवर कोणी बसले की सामानाला जागा जवळपास नाहीच. पाच माणसांच्या घराने तिच्या गोंडस रूपावर भाळू नये.

आता हिशेब. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि शहरात पंधराचे ॲव्हरेज धरले, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असे समजू. युनिट १२ रुपयांचे धरले, तर पावणेदोन रुपयांच्या आत काम होते. म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपयांहून थोडी जास्त बचत. पण आपण गाडी फिरवतो किती? रोज २४ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. बचत झाली महिन्याला तीन हजारांच्या थोडी वर. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग पडत असेल, तर ते पैसे वसूल व्हायला आठ वर्षे लागतील! जयसिंगपूरहून रोज कोल्हापूरला ऐंशी किलोमीटर येणे-जाणे करणाऱ्याचे तेच पैसे अडीच वर्षांत सुटतात. गंमत अशी की, ज्याचा प्रवास सगळ्यात थोडा, त्याला ही गाडी सगळ्यात सोयीची आणि फायदाही त्यालाच सगळ्यात कमी.

शिवाय विजेचा स्लॅब असतो. ६०० किलोमीटरसाठी महिन्याला ८५-९० युनिट वाढतात आणि ही वाढलेली युनिट वरच्या दरात जाऊ शकतात. मागची वर्षभराची बिले काढून आधी महावितरणच्या कार्यालयात जा. चार्जिंगसाठी वेगळे मीटर घेतल्यास काय दर पडेल तेही विचारा.

पण सगळ्यात आधी बघायचा तो प्लग. गाडी रात्री उभी राहते कुठे? स्वतःच्या अंगणात, की मोहल्ल्यातल्या रस्त्याच्या कडेला? दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून खाली एक्स्टेंशन बोर्ड सोडून चार्जिंग करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर कृपा करून तो सोडा. १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरेखुरे अर्थिंग लागते. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरी पिन असते, पण अर्थिंगची वायर कुठेच गेलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून मोजून घ्या. सोसायटीत राहत असाल तर परवानगी लेखी घ्या, आणि तीही बुकिंगच्या आधी. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही, त्यांनी माझ्या मते सध्या थांबावे. बाहेरच्या चार्जिंगवर रोजचे अवलंबून राहिले की वेळही जातो आणि वर मांडलेली बचतही.

दुसरा अडसर गावाचा. गाडी वर्षभर शाळा आणि बाजारासाठी पळते, पण घरात वाद होतो तो ईदला कोकणात कसे जायचे यावर. मिरज ते रत्नागिरी दीडशे किलोमीटरहून जास्त, त्यात आंबा घाट. टियागोची १९.२ युनिटची लहान बॅटरी आली तेव्हा कागदावर २५० किलोमीटर म्हणत होती, पण वरच्याच हिशेबाने १३५च्या आसपास येते. तिला वाटेत डीसी फास्ट चार्जिंग करता येते, कॉमेटला तीही सोय नाही. मी तर म्हणेन, वर्षातून दोनदा भाड्याची गाडी करा. दोन दिवसांसाठी ३६३ दिवसांची गाडी निवडायची नाही.

सांगलीकरांसाठी एक खास गोष्ट. विक्रेता सांगतो, बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्याला घाबरू नका. त्याचा अर्थ साधारण एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घरांत कित्येक दिवस होते! नदीकडच्या भागात राहत असाल तर पुराचा इशारा मिळताच गाडी उंचावर न्या. विम्यात बॅटरीचे पुराने झालेले नुकसान धरले आहे का, तेही वाचून घ्या.

पैशाचा प्रश्न आपल्या घरांत थोडा वेगळा असतो. व्याजाचे कर्ज नको म्हणून अनेकजण साठवून रोखीने घेतात, त्यांना तीन लाखांचा फरक एकदम सोसावा लागतो. त्यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये एमजीने बॅटरी किलोमीटरच्या भाड्याने देण्याची योजना आणली, गाडीची सुरुवातीची किंमत त्यामुळे बरीच उतरते. भाडे हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. करार कोणत्या फायनान्स कंपनीशी आहे, महिन्याला कमीत कमी किलोमीटरचे पैसे भरावे लागतात का, हे पाहा. शंका असेल तर करारच आपल्या आलिमांपुढे ठेवा, जाहिरात नको.

एवढे सगळे सांगूनही एक गोष्ट उरते, जी रुपयांत मोजता येत नाही. या गाड्यांना क्लच नाही, गिअर बदलणे नाही. लायसन्स काढूनही बाजारातल्या चढावर गाडी बंद पडेल या भीतीने स्टिअरिंग न धरलेल्या कितीतरी भाभी मला माहीत आहेत. रात्री-अपरात्री घरातल्या कोणाला दवाखान्यात न्यायचे, तर त्यांना भाईजानच्या येण्याची वाट बघावी लागते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरातल्या पुरुषांनी एकट्याने जाऊ नये. चालवू द्या भाभींना, त्याही गर्दीच्या वेळी. अम्मींना मागे बसवा आणि कोणी हात न देता त्या खाली उतरतात का, तेवढे बघा.